चोरांनी नापास केलेलं चंदन

जेसीबी मोसंबीच्या बागेच्या तोंडाशी येऊन उभा होता. डायरेक्टर साहेबांच्या हातात माझं सर्टिफिकेट टाइप होऊन तयार होतं. मी अजून एकाही झाडाला हात लावला नव्हता.

मजकूर असा, की सदर चंदनाच्या झाडांमध्ये उत्तम प्रतीचा गाभा तयार झाल्याचे मी स्वतः तपासले आहे. खाली सहीपुरती जागा.

"काका, नुसती फॉर्मॅलिटी आहे," डायरेक्टर म्हणाले. "सही करा, मग वेरूळला मस्त जेवू."

डायरेक्टर म्हणजे चंदन लागवड कंपनीचे. वय पस्तीस, गॉगल दोन. एक डोळ्यांवर, एक डोक्यावर. मला सिडकोतून आणायला त्यांनी जी गाडी पाठवली ती एवढी लांब होती, की पुढची सीट देवगाव रंगारीला पोचली तेव्हा मागची दौलताबादला चहा पीत होती.

मी चितेगावच्या एका सुगंधी तेलाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. जन्मभर चंदनाचं तेल काढलं. संध्याकाळी घरी आलो की शेजारचे लोक आरती सुरू झाली समजून उठून उभे राहायचे. असा माणूस कंपनीला हवाच होता. दुसरं कारण त्यांच्या ब्रोशरवर छापलेलं होतं. माझा फोटो, आणि खाली माझंच वाक्य: 'झाड जितकं जाड, तितका गाभा जास्त.'

हे मी बोललो होतो. जालना रोडच्या एका हॉटेलात, यांच्याच कार्यक्रमात, शाल अंगावर असताना आणि बासुंदी पोटात असताना. बासुंदीनंतर माणूस काहीही बोलतो. पण बासुंदीचं कुणी छापत नाही.

शेत सुदामरावांचं. विहिरीजवळची काळी जमीन त्यांनी आठ वर्षांपूर्वी या कंपनीला करारावर दिली आणि तिथं चंदन लागलं. आता कंपनीला 'फेज टू'साठी मोसंबीची बाग हवी होती. ही बाग सुदामरावांनी आणि शांतावहिनींनी दुष्काळात टँकरचं पाणी घालून जगवलेली. वहिनी त्या दिवशी पहिल्या झाडाला पाठ लावून बसल्या होत्या, आणि जेसीबीकडं असं बघत होत्या की त्याचा ड्रायव्हर उतरून दूर सावलीला गेला.

सुदामरावांची अट एकच. "आधी गाभा दावा. मग बाग काढतो."

कंपनीनं गाभा दाखवायला मला आणलं होतं.

चंदनाचे प्लॉट मी बघितले. झाडं अशी तुकतुकीत, की लग्नाला निघाल्यासारखी. ड्रिप, खत, फवारणी, सगळं टायमावर.

"मिठी मारून बघा, काका," डायरेक्टर म्हणाले. "आणि सिक्युरिटी बघा. कॅमेरे, कंपाउंड, गेटवर गार्ड. सगळीकडं चंदन चोरीला जातं. आमचं आठ वर्षांत एक झाड गेलं नाही. हे लिहा तुमच्या रिपोर्टमध्ये."

"लिहितो," मी म्हणालो.

आता गाभा म्हणजे काय ते सांगतो, कारण हे न कळल्यामुळंच असले डायरेक्टर जगतात. चंदनाला बाहेरून वास नसतो. सालीखालचं पांढरं लाकूड हे झाडाचं रोजचं कामाचं लाकूड. पाणी वर न्यायचं आणि जेवण साठवायचं. हे जेवण म्हणजे स्टार्च, बटाट्यात असतो तोच. झाडाचं वय झालं की आतल्या पेशी मरायला लागतात. मरण्याआधी त्या घरातला साठा मोडतात आणि त्याचं तेल करून ठेवतात. तेच वासाचं तेल. ते लाकडात मुरतं, लाकूड तपकिरी होतं, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. हा गाभा. म्हणजे चंदनाचा सगळा भाव हा त्याच्या मेलेल्या भागाला. जात, वय आणि थोडे हाल, एवढं जुळलं की गाभा धरतो. आठव्या वर्षी दोन वेळा जेवणाऱ्या झाडाला मरायची घाई कशाला असेल?

मी माझं गिरमिट काढलं. हे पोकळ असतं. झाडात फिरवलं की आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी निघते, झाड मरत नाही.

"भोक पाडणार?" डायरेक्टरनी गॉगल काढला. डोळ्यांवरचा. "प्रॉडक्ट डॅमेज होईल."

"सुदामरावांना गाभा दिसायला हवाय. बाहेरून फक्त तुमचं पाणी दिसतंय."

सगळ्यांत जाड झाड निवडलं. कांडी काढली. सालीपासून पार मध्यापर्यंत पांढरी, खोबऱ्यासारखी. वास पाण्याचा.

"कोवळा गाभा पांढराच असतो, काका."

"असं होय. नवीनच कळलं." मी खिशातून आयोडिनची बाटली काढली. जखमेला लावतात तेच. स्टार्चवर पडलं की निळं-काळं होतं, शाळेत बटाट्यावर सगळ्यांनी केलंय. गाभ्यात स्टार्च उरत नाही, म्हणून तिथं रंग चढत नाही. मी कांडीवर थेंब थेंब सोडलं. कांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अमावास्या झाली.

सुदामराव वाकून बघत होते. "म्हंजी?"

"म्हणजे आठ वर्षं तुमच्या विहिरीचं पाणी पिऊन इथं बटाटा उभा आहे."

"एका झाडावरून ठरवू नका," डायरेक्टर म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी दुसऱ्या झाडाशी बसलो, साल पुसली, आणि गिरमिट टेकवणार तिथं आधीच एक भोक होतं. बोटभर रुंद, मातीनं लिंपलेलं.

तिसऱ्याला पण. चौथ्याला पण. मी रांगेनं गुडघ्यावर सरकत गेलो. चौदा झाडं, चौदा भोकं.

"किडा असेल," डायरेक्टर म्हणाले.

"फार शिस्तीचा किडा आहे, सर. सगळीकडं गुडघ्याच्या उंचीला, रस्त्याच्या बाजूनं, एकाच नंबरच्या गिरमिटानं. वर माती लिंपतो."

तेवढ्यात कंपाउंडच्या तारेपलीकडून कुणीतरी खोकलं. म्हाळूबाबा उभे होते. धनगर. वरच्या माळावर त्यांची मेंढरं असतात, आणि मेंढरांपेक्षा कान त्यांचेच जास्त उभे.

"साहेब, तुमच्या आधी तपासून गेलेत की ते," म्हाळूबाबा म्हणाले.

"कोण?"

"चोर. पोळ्याच्या आधी आलते. दिवसाउजेडी. डोक्याला टोपी, हातात वही. गार्डानं सलाम ठोकून फाटक उघडलं. मला वाटलं कंपनीचंच मोठं मानूस हाय."

सुदामरावांचा चेहरा उतरला. "आन् तुमी मला सांगितलं नाय?"

"काय सांगू, मालक? नेलं तर काय नाय. भोक पाडायचे, भुसा हुंगायचे, तोंड वाकडं करायचे. शेवटाला त्यांच्यातला थोरला म्हनला, चल रं, सरपन हाय सगळं."

माझ्या उभ्या आयुष्यात एवढा अचूक लॅब रिपोर्ट मी वाचलेला नाही.

"आन् जाताना माळावरचं ते वाकडं तेवढं हुंगलं," म्हाळूबाबा म्हणाले. "दुसऱ्या दिशी ते गायब."

आम्ही माळावर गेलो. मुरूम, दगड, एक बोरीचं झाड, दोन बाभळी. चंदनाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून जेवतात, तर इथं शेजारीच उपाशी. पाखरानं टाकलेल्या बीचं ते झाड, सुदामरावांच्याच बांधावरचं. किती वर्षांचं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याला कुणी झाड समजतच नव्हतं. शेळ्या त्याला खायच्या आणि म्हाळूबाबांची गाढवीण त्यावर पाठ घासायची.

त्याचा बुडखा उरला होता. माझ्या मांडीएवढासुद्धा नाही. पण सालीपाशी नखाएवढी पांढरी कड सोडली, तर बाकी सगळा तपकिरी. मी नखानं खरवडलं आणि वास सुटला. वहिनी मागून आल्या होत्या. त्यांनी बुडख्याला हात लावला, हात नाकाशी नेला.

"ह्ये आपल्या बांधावर व्हतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

सुदामराव वाकून बुडखा हुंगायला लागले.

डायरेक्टरनी शेवटचा पत्ता काढला. ब्रोशर. "काका, हे तुमचं वाक्य आहे. झाड जितकं जाड तितका गाभा जास्त. फोटो तुमचाच आहे ना?"

सुदामरावांनी माझ्याकडं बघितलं. चौदा झाडांच्या रांगेत त्यांनी कंपनीवर जेवढा राग धरला नसेल, तेवढा त्या एका नजरेत माझ्यासाठी होता. आणि रास्त होता. ब्रोशर घरोघरी गेलं होतं. माझ्या वाक्यावर आणखी कुणाच्या बागा निघाल्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"फोटो माझाच," मी म्हणालो. "वाक्य गाढवाचं." म्हाळूबाबांची गाढवीण तिथंच होती, तिनं हरकत घेतली नाही.

मी पेन काढलं, ब्रोशरवरचं वाक्य खोडलं, वर लिहिलं 'हे चूक आहे', आणि सही केली. मग ते टाइप केलेलं सर्टिफिकेट घेऊन पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दुसरं लिहिलं: झाडांची तब्येत उत्तम. गाभा नाही. कधी धरेल ते आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. त्याखाली पण सही केली आणि कागद डायरेक्टरकडं न देता वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो पदराच्या टोकाला बांधला.

"ओ ड्रायव्हरदादा," त्या ओरडल्या. "बाग निघत नाय. या, च्या घ्या आन् जा."

गाडी मला न घेताच गेली. यावेळी तिचं मागचं टोकसुद्धा पटकन दिसेनासं झालं. वेरूळचं जेवण राहिलं ते राहिलंच. म्हाळूबाबांनी भाकरी आणि ठेचा दिला, आणि देवगावपर्यंत गाढविणीवर सोडायची तयारी दाखवली. मी चालत गेलो. तिच्यासमोर एकदा अब्रू घालवली होती, तेवढं पुरे.

आता कुणी चंदनाचा प्लॉट तपासायला बोलावलं, तर गिरमिट पिशवीतच ठेवतो. आधी बुंध्याशी वाकून माती पुसतो. भोक असेल आणि झाड उभं असेल, तर माझं काम माझ्याहून हुशार माणसानं करून ठेवलेलं असतं.