तारेच्या बिलाची बैठक

इन्व्हर्टरच्या बॅटरीतून ॲसिडचा वास आला की सत्तरच्या दशकातली सांगलीची ती बैठक डोळ्यांपुढे येते. धरणातून पाणी सोडल्याची तार पाटबंधारे आणि महसूल अशा दोन्ही खात्यांसाठी यायची. बिल कुणी भरायचं यावर एकमत होईना, म्हणून तार बंद पडली होती. तार ऑफिसात, तारेच्या बॅटऱ्या ठेवलेल्या खोलीतच दोन्ही खात्यांचे साहेब लोक वाद घालत होते. घराण्यातला पहिला बीए मी, नवा कारकून म्हणून बैठक टिपून घ्यायला ऐटीत बसलो होतो.

इशारा न आल्यानं आदल्या दिवशी नदीकाठचा एक पोरगा वाहून गेला होता. त्याचा थोरला भाऊ शिवा काठी घेऊन आत घुसला.

“निम्मं-निम्मं करताय व्हय रं? मग माझ्या भावाचं मढंबी निम्मं-निम्मं घ्या!”

काठी पाटबंधारेच्या साहेबांच्या कपाळावर बसली. दुसऱ्या फटक्यात बॅटरीची बरणी फुटली आणि ॲसिड शहाबादी फरशीवर फसफसलं. चौघांनी शिवाला खाली दाबून धरलं. साहेबांनी कपाळावर रुमाल लावला. रक्त कोपरापर्यंत ओघळत असताना ते महसूलवाल्यांकडे वळून म्हणाले, “हां, तर तुमचं खातं किती भरणार?”

तेव्हा मला त्यांच्या धीराचं लय कौतुक वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की वाटतं, काठी माझ्या हातात असायला हवी होती.