वाटेकऱ्याचा श्वास

आत्याला भुतांची भीती कधीच वाटली नाही. तिला धास्ती असायची ती भुतांची गोष्ट वाचताना आवाज काढणाऱ्या माणसांची. कोणी घोगरं बोलायला लागला, कोणी दाराची करकर तोंडाने करून दाखवू लागला, की ती कानावरचे हेडफोन उतरवून मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "घाबरायचं काम माझं आहे. हा माझ्या आधीच घाबरून बसला तर मी काय करू?"

आणि असल्या गोष्टी ऐकणं हे खरोखरच तिचं काम होतं. पुस्तकं वाचून ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत ती तपासणीला होती. छापील प्रत मांडीवर, ओळीखाली लाकडी पट्टी, कानावर हेडफोन. वाचणाऱ्याने एखादा शब्द गाळला किंवा बदलला की समासात पेन्सिलीने बारीक फुली. ही नोकरी तिला भाचीने मिळवून दिली होती. भाची तिथे रेकॉर्डिंग करायची, आणि ती 'आत्या' म्हणायची म्हणून मालकापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळेच आत्या म्हणू लागले.

त्याआधीचं सगळं आयुष्य तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं, लांबलांबच्या गावांचे कॉल जोडून देत. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं, तर 'लाइन बिझी होती' म्हणून ती मोकळी व्हायची. एक्स्चेंजचा दंडक असा, की लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, पण बोलणं संपलं का ते ऐकायचं. ही कसरत करता करता तिच्या कानाला एक चमत्कारिक सवय लागली. शब्द सोडून द्यायचे आणि पलीकडे माणूस आहे की नाही एवढंच टिपायचं. गप्प बसलेला माणूस आणि रिकामी लाइन यांतला फरक तिला झोपेतही कळला असता.

स्टुडिओत येणारी पुस्तकं तिने दोन ढिगांत वाटली होती. भुतांची ती 'कालची', आणि जग पुढे कसं बिघडणार आहे ते सांगणारी ती 'उद्याची'. कालची पुस्तकं पाण्याचं बिल वाचल्यासारखी सरळ वाचावीत, असं तिचं ठाम मत. उद्याची मात्र गोड आवाजात वाचायला हवीत, कारण त्या पुस्तकांतलं सरकार कधी ओरडत नाही. ते कर्फ्यूसुद्धा पाहुण्यांना चहा विचारावा तसा लावतं. पार्श्वसंगीताचा तिला मनस्वी राग. कुजबुजत वाचणाऱ्यांचाही. कानाला लागून कुजबुजणारा माणूस मला बसमध्ये चालत नाही, पुस्तकात कशाला, असं ती म्हणायची. हे सगळं ती घरी भाजी निवडताना वहिनीला ऐकवायची आणि वहिनी, म्हणजे भाचीची आई, हात जोडून म्हणायची, या वयात काहीतरी बरं ऐका हो वन्सं.

मध्यंतरी मालकाने यंत्राने तयार केलेला एक आवाज आणला. एकही चूक नाही, दमणं नाही, पाणी मागणं नाही. आत्याने एक प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं. फुली एकही पडली नाही. मालकाने खुशीत विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "सगळं बरोबर आहे. लाइनवर कोणी नाही एवढंच." मालक हसला, पण त्याने तो आवाज काही टाकून दिला नाही. गरज पडली तर असू दे म्हणाला.

आत्याच्या पसंतीला उतरलेला वाचणारा एकच, खर्जकाका. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, म्हणून हे नाव. गृहस्थ एकटा राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूरदेशी. वयाने तो आत्यापेक्षा थोडा लहानच, पण सगळे काका म्हणत म्हणून तीही काका म्हणे आणि तो तिला आत्याबाई म्हणे. त्याने वाचलेल्या गोष्टीत प्रेतसुद्धा शिस्तीत उठायचं. त्यामुळेच अंगावर काटा यायचा.

त्या वर्षी त्याच्याकडे 'वाटेकरी' नावाची जाडजूड कादंबरी आली. कालची आणि उद्याची, दोन्ही ढिगांत बसणारी. एका शहरात सरकार हुकूम काढतं, की प्रत्येक घराने एक वाटेकरी ठेवून घ्यायचा. वाटेकरी कोणाला दिसत नाही. त्याचं ताट मांडायचं, त्याच्यासाठी अंथरूण घालायचं, आणि तो आहे का असं विचारायचं नाही. हळूहळू घरातली माणसं आपापसांत बोलेनाशी होतात, आणि मग एके दिवशी त्यांना कळेनासं होतं, की आपल्यातला वाटेकरी नेमका कोण.

आत्या मागच्या खोलीत बसून प्रकरणं तपासत होती. भर दुपार होती. खिडकीबाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं. कादंबरीतली आई ताट मांडते आणि थांबते, अशी एक जागा आली. खर्जकाकाने तिथे विराम घेतला होता, नेहमीसारखा, अगदी मोजका. त्या विरामात आत्याला कोणीतरी ऐकू आलं.

तिने पट्टी जागेवर धरली आणि हेडफोन काढले. खोलीत तीच. पुन्हा लावले. पुढच्या विरामात पुन्हा तेच. श्वास आत जाताना टोकाला एक बारीक शीळ, मग अडखळ, मग काहीच नाही, आणि ते काहीच-नाही जरा जास्तच लांब. तिला वाटलं, आपलाच श्वास असेल. तिने श्वास रोखून धरला. हेडफोनमधला श्वास चालूच राहिला.

त्या दिवशी तिने प्रत लवकर मिटली. घरी जेवायला बसताना तिने तिघींची ताटं मांडली आणि चौथं उचलून पुन्हा फडताळात ठेवलं. चौथं हातात आलंच कसं, हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी ऐकलं आणि तिची पट्टी ओळीवरून सरकली. कारण श्वास प्रत्येक विरामात होता आणि दर वेळी अगदी तोच होता. तीच शीळ, तीच अडखळ, तेवढीच रिकामी जागा. जिवंत माणूस असा हुबेहूब श्वास पुन्हा पुन्हा घेत नाही. आई दाराशी उभी राहिली की तो होता, मुलगा जिन्यावर थबकला की तो होता. जणू वाटेकरी खरंच घरात आला होता आणि कोणी गप्प बसायची वाट बघत होता.

मग मात्र तिने भाचीला गाठलं. तू मागे काही आवाज घातलास का, असं विचारलं. भाची उडालीच. आत्याला संगीताचा राग आहे हे काय तिला माहीत नव्हतं? तिने ऐकलं, तिला काही ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, मोठं कर. भाचीने आवाज वाढवला, आणखी वाढवला, आणि मग तिचा हात बटणावरच राहिला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "ही खोली आहे."

त्या धंद्यात 'खोली घेणं' नावाची एक रीत असते. वाचन सुरू करण्याआधी रेकॉर्डिंग करणारी हात वर करते, वाचणारा खुर्चीत निश्चल बसतो आणि नुसती शांतता मुद्रित करतात. पुढे कुठे खोकला किंवा खुर्चीची कुरकुर कापून काढली, की त्या भगदाडात ही शांतता भरायची. तिथे अगदीच काही ठेवलं नाही तर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. वाचणाऱ्याने मात्र तेवढा वेळ श्वास अगदी अलगद घ्यायचा असतो, आणि खर्जकाका त्यात पटाईत होता. भाचीने पहिल्या दिवशी खोली घेतली. पुढच्या सगळ्या दिवशी वरच्या मजल्यावर फरशा बसवण्याचं काम चाललं होतं. म्हणून तिने तो पहिल्या दिवसाचा एकच तुकडा पुस्तकभर वापरला. या वेळी कापावंही फार लागलं होतं, कारण काका मध्येमध्ये थांबत होता. तुकड्यात काय आहे ते तिने तपासलं नाही. शांततेत काय तपासायचं?

"म्हणजे हे काका," भाची म्हणाली. तिला हायसं वाटलं. ती हसायलाच लागली.

आत्या हसली नाही. हा श्वास तिच्या ओळखीचा होता. तिचा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप, शेवटच्या हिवाळ्यात असाच श्वास घ्यायचा. भाची तेव्हा पाळण्यात होती. घरातल्यांनी सर्दी म्हटलं, भावानेही सर्दीच म्हटलं.

आता प्रश्न होता काकाला सांगायचं कसं. भाचीने नुसतं, काका दमताय का, असं विचारून पाहिलं, तर तो फणकारला. घशाला जरा कोरड पडते, बस. त्याच्या फणकाऱ्यामागचं कारण दोघींना कळत होतं. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं, आणि कपाटात मालकाचा तो न दमणारा आवाज तयार होता. एकदा खुर्ची सोडली की ती परत मिळेल याची काकाला खात्री नव्हती, आणि या खुर्चीखेरीज त्याच्याकडे दिवसभर जायला दुसरी जागा नव्हती.

आत्याने सांगण्याचा नाद सोडला. तिने काकाला मागच्या खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन त्याच्या कानावर ठेवले आणि तो तुकडा लावला. नुसता तुकडा, पुन्हा पुन्हा फिरणारा.

काका ऐकत राहिला. प्रेतांना शिस्तीत उठवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने मान वळवून पाठीमागे पाहिलं. मागे भिंतच होती.

"कोण आहे हा?" त्याने विचारलं.

"तुम्हीच आहात, काका."

त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबले. मग म्हणाला, "पुन्हा लावा." पुन्हा ऐकून झाल्यावर त्याने हेडफोन नीट घडी घालून टेबलावर ठेवले. "बराच म्हातारा वाटतो हो," तो म्हणाला. आणि मग, खाली बघत, "माझी खुर्ची कोण राखेल, आत्याबाई?"

"मी आहे ना," आत्या म्हणाली.

काका दवाखान्यात गेला तो तिथेच राहिला. हृदयाची एक झडप झिजली होती. डॉक्टरांनी आणखी उशीर चालला नसता असं सांगितलं. शस्त्रक्रिया झाली. आणि इकडे आत्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तिने खोट्या फुल्या मारल्या. तपासून झालेली प्रकरणं पुन्हा मागवली आणि समास पेन्सिलीने भरून टाकले. इथे शब्द दबला, तिथे सूर चुकला, हे पुन्हा ऐकायला हवं. पहिली प्रकरणं पक्की झाल्याशिवाय शेवटचं कोणाला वाचायला द्यायचं नाही हा मालकाचाच नियम. भाचीने एकदा प्रत चाळली आणि तिच्या लक्षात आलं.

"आत्या, इथे चूक नाहीये."

"मला ऐकू आली."

"कुठे?"

"तुझे कान अजून कोवळे आहेत," आत्या म्हणाली, आणि भाचीने निमूटपणे त्या फुलीखाली स्वतःची सही केली.

मालक वैतागला. यंत्राचं नाव त्याने दोनदा काढलं. पण आत्याच्या फुलीला आजवर कोणी खोटं पाडलं नव्हतं, आणि या वेळीही कोणी पाडलं नाही. त्या खोट्या फुल्या शोधण्यासाठी तिला तो श्वास दिवसचे दिवस ऐकावा लागला. घरी जिना चढताना, नळाखाली हात धरताना तो तिच्या कानात असायचा. मधल्या मजल्यावर ती अलीकडे थांबायची, खिडकीतलं झाड बघायला म्हणून.

झाडाला पालवी फुटली तेव्हा काका परत आला. सदरा अंगावर सैल झाला होता, आवाज मात्र विहिरीच्या तळाशी होता तिथेच. त्याने पहिली अट घातली ती वाटेकऱ्याची. पुस्तकातून तो श्वास काढायचा नाही. त्याने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, त्याला घराबाहेर काढू नका, असं तो म्हणाला. भाचीने मालकाकडे पाहिलं, मालकाने प्रकरणाचा एक तुकडा ऐकला, मान वळवून स्वतःच्या पाठीमागे पाहिलं, आणि राहू द्या म्हणाला.

शेवटच्या प्रकरणासाठी नवी खोली घ्यायची होती. भाचीने हात वर केला. काचेआड काका निश्चल बसला. आत्या मागच्या खोलीत हेडफोन लावून ऐकत होती. शांतता स्वच्छ होती. तळाशी एक श्वास, सरळ, न अडखळणारा, लाइनवर माणूस आहे एवढं सांगणारा. कादंबरीतही शेवटी वाटेकऱ्याचं ताट भरलेलंच राहतं आणि घरातल्यांना कळतं की तो निघून गेला. कुठे गेला ते पुस्तक सांगत नाही.

आत्याने समाधानाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

खोलीत शीळ आली. बारीक, श्वासाच्या टोकाला. मग अडखळ. मग काहीच नाही, जरा जास्तच लांब.

तिने हेडफोनकडे पाहिलं. ते बंद होते. खिडकी लावलेली होती. ती ताठ बसली आणि पहिल्या दिवशी केलं होतं तसंच केलं. श्वास रोखून धरला.

आवाज थांबला.

ती तशीच बसून राहिली, जितका वेळ बसवलं तितका. मग उठून, भिंतीला हात लावत, काचेच्या खोलीच्या दाराशी गेली. भाची आणि काका कशावरून तरी हसत होते. तिला पाहून गप्प झाले.

"काका," आत्या म्हणाली, "ते तुमचे डॉक्टर, ते बसतात कुठे?"