दारव्ह्यात तपासलं

तुमच्या गावात एखादं जुनं यंत्र अजून चालतंय आणि त्याच्यावर कोणाचं तरी घर चालतंय, हे जगाला कळवायचं कोणी? त्या यंत्राने, त्या घराने, की ते रोज पाहणाऱ्या तुम्ही?

माझ्यापुढे हा प्रश्न एका परदेशी माणसाच्या मेलमधून आला. मी तेव्हा यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. जगभरातले लोक मिळून एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम लिहितात. तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राशी थेट बोलणाऱ्या सगळ्यात आतल्या भागात, मी बारीकसारीक दुरुस्त्या पाठवत असे. फायली साठवायच्या कोडमधली एखादी चुकलेली टीप, कुठे उरलेली निकामी ओळ, एवढंच. हे काम मेलवरच्या एका उघड्या चावडीवर चालतं. कोणीही वाचावं, कोणीही बोलावं. तिथे त्या माणसाने लिहिलं होतं, की अमुक जातीच्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मी काढून टाकतो आहे. ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड कसं चालवायचं हे कर्नलला सांगणारं कोड. या कार्डांबद्दल बऱ्याच वर्षांत कोणी चकार शब्द काढलेला नाही, कोणी वापरत असेल तर आत्ता बोलावं.

तिथली रीतच अशी आहे. कोणी बोललं नाही तर कोणी नाही असं धरतात आणि कोड जातं.

त्यातलं एक कार्ड मी पाहिलं होतं. हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचा दारव्ह्यात फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. त्यांना मी चाचा म्हणते. बंद पडलेल्या एका कंपनीतून त्यांनी पत्रा कापायचं मोठं टेबल आणलं होतं, आणि त्याच्यासोबत आलेल्या, हीच खुली सिस्टिम असलेल्या जुन्या संगणकात ते कार्ड खोचलेलं होतं. संगणकाने आकडे द्यायचे, कार्डाने ते टेबलाच्या मोटारींना सांगायचे. त्या टेबलावर वखराच्या पासा, म्हणजे माती खरवडणारी पाती, कापल्या जात, डवऱ्याच्या पासा कापल्या जात आणि खिडक्यांच्या जाळ्याही. एकदा मी पाहिलं, एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी देवळाच्या फाटकाचं कमळ आणि मशिदीच्या झरोक्याची चांदणी मांडली होती. चाचा म्हणाले, पत्रा वाया जाऊ द्यायचा नाही, बाकी ज्याचं त्याने पाहून घ्यावं.

आता माझं घर पत्रकांचं. बाबा दिवसा कचेरीत कारकुनी करत आणि संध्याकाळी बसस्टँडवर मागण्यांची पत्रकं वाटत. घडी घालायचं काम माझं होतं, आणि मी वाचायला शिकले तेही घड्या घालताना. त्यामुळे मी चावडीवर जो मेल लिहिला तो पत्रकच होता. आधी सवाल, मग आरोप, मग मागणी. गावातला मिस्त्री इंग्रजी मेल वाचत नाही म्हणून तो अस्तित्वातच नाही असं तुम्ही ठरवता का, असं मी विचारलं. उद्या त्याची हार्डडिस्क गेली, नवी सिस्टिम टाकावी लागली आणि तिने कार्ड ओळखलं नाही, तर तो जबाब कोणाकडे मागेल, असंही विचारलं. शेवटी ठणकावलं, की ड्रायव्हर काढता कामा नये.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं उत्तर आलं. एकच ओळ: छान, मग तू सांभाळशील का?

बाबांना मी ती ओळ मराठीत सांगितली. ते बराच वेळ हसले. म्हणाले, "आयुष्यभर पत्रकं वाटली, पण असं उलटं उत्तर कोणत्याच साहेबाने दिलं नाही. आता पळू नको."

मी पळाले नाही. कर्नलमध्ये एक फाईल असते. कोणत्या कोडची जबाबदारी कोणावर, ते तीत लिहिलेलं असतं. त्या ड्रायव्हरपुढे माझं नाव लागलं. चाचांनी ते मोबाईलवर मोठं करून पाहिलं आणि चहावाल्यालाही दाखवलं. "पोरीची पाटी लागली," असं सांगत सुटले.

सांभाळणं म्हणजे काय, हे मला हळूहळू कळत गेलं. कर्नल सतत बदलत असतं. कोणीतरी दूरवर एक खांब हलवतो आणि त्याला टेकलेली शंभर कोडं आपापल्या जागी सरकवावी लागतात. माझा ड्रायव्हर त्यांतला एक. बदल कागदावर बरोबर दिसला तरी खऱ्या कार्डावर चालवून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. आणि मला ठाऊक असलेलं चालू कार्ड एकच होतं. म्हणून दर नव्या आवृत्तीला मी पेनड्राइव्ह घेऊन काळीपिवळीत बसायचे. बोरी अरबला निम्मी जीप उतरायची, मग जरा पाय पसरता यायचे.

तपासायची पद्धत चाचांची होती. नवं कर्नल चढवून टेबलावर एक वर्तुळ कापायचं. सुरुवात आणि शेवट नेमके जुळले तर काम बरोबर. जुळले नाहीत तर काठावर बारीक पायरी राहायची, अंगठा फिरवला की लागायची. चाचा अंगठा फिरवत आणि ती चकती माझ्या हातात देत. "घे, तुह्या सरकारले दाखव." माझं सरकार म्हणजे चावडीवरचे ते सगळे लोक. घरी येऊन मी दुरुस्ती पाठवायचे आणि खाली एक ओळ लिहायचे, की हे दारव्हा, भारत इथल्या एका कारखान्यात तपासलं. चकत्या बाबांनी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवल्या. पंखा लावला तरी आमच्याकडे कागद उडत नसे.

पुढे मला यवतमाळातूनच एका कंपनीचं काम मिळालं. वेळ कमी उरू लागला. एकदोनदा वाटलं, ही जबाबदारी सोडावी. पण सोडली तर ड्रायव्हर जाईल, आणि ड्रायव्हर गेला तर चाचांचं काय, हा विचार आला की मी पुन्हा जीपमध्ये. एका उन्हाळ्यात पोहोचले तेव्हा डोकं भणभणत होतं. टेबलाशेजारच्या बाकावर आडवी झाले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्या एका गोलासाठी जीव जाईन माहा कधीतरी." चाचींनी कांद्याचा रस तळपायाला चोळला. मी ते बोलून विसरलेही.

या वर्षी गेले ती न कळवताच गेले. कारखान्यात शिरताना टेबलाचा आवाज वेगळा वाटला, जास्त मऊ. कोपऱ्यात जुना संगणक नव्हता. टेबलाच्या कडेला एक छोटा पडदा असलेला नवा डबा बसवला होता आणि मैत्रीण त्याच्यावर बोटं फिरवत जाळी मांडत होती. डिझाइनचं सगळं काम आता तीच पाहते. मला पाहून ती उठली. चाचांनी आधी चहा मागवला, मग पाणी दिलं, मग पुन्हा चहा सांगितलाय का असं विचारलं.

मी विचारायच्या आधीच म्हणाले, "बेटा, आता तुले इतक्या दूर यायचं काम नाही. सुटली तू."

चेहऱ्यावर आनंद होता. मला मोठी भेट दिल्यासारखा.

मी जुन्या संगणकाबद्दल विचारलं. भंगारात गेला होता, कार्डासकट. मी भंगारवाल्याकडेही जाऊन आले. तो म्हणाला, हिरव्या पट्ट्या पोत्यात भरून नागपूरला जातात, त्या थांबत नसतात. कायले पाहिजे होती, असं त्याने विचारलं.

मैत्रीण मला सोडायला स्टँडवर आली. तिथे तिने खरं सांगितलं. हा डबा त्यांना दोन वर्षांपासून घ्यायचा होता. जाळ्यांचं काम वाढलं होतं आणि जुन्या संगणकावर एक जाळी मांडायला फार वेळ जायचा. पण अब्बा ऐकत नव्हते.

"काहून?" मी म्हटलं.

"काहून म्हंजे? पोरीचं नाव लागलं हाये म्हनत त्याच्यावर. आपन बंद केलं तर तिची पाटी निघन. मंग तू तशी उन्हात येऊन पडली ना, तवापासून म्हनू लागले, आपल्यापायी पोरीचा जीव चालला."

"मी तर तुमच्यासाठी येत होती वं."

"अन् आमी तुह्यासाठी चालवून राह्यलो होतो," ती म्हणाली. मग आम्ही दोघी हसलो, पण जीप येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

घरी येताना मला माझाच पहिला मेल आठवत होता. त्या परदेशी माणसाचा मला राग आला होता, कारण तो गप्प असलेल्यांना मोजत नव्हता. पण त्याने निदान विचारलं होतं. अजून कोणी वापरतं का, अजून हवं आहे का? मी चाचांच्या बाकावर बसून कितीदा चहा प्याले, आणि हा साधा प्रश्न एकदाही विचारला नाही. मी त्यांच्या वतीने बोलत होते. पत्रकात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीने बोलायची फार सवय असते. विचारलं असतं तर ते डबा दोन वर्षं आधी घेऊ शकले असते, आणि मी ते कार्ड हातात मागून घेतलं असतं, घरी एका जुन्या संगणकात बसवलं असतं, आणि ड्रायव्हर जगला असता. चाचांनी ते मला आनंदाने दिलं असतं, फुलं काढलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून. तसं न होता ते पोत्यात गेलं.

आता माझ्यापाशी कोड आहे आणि कार्ड नाही. पुढच्या आवृत्तीत पुन्हा कोणीतरी खांब हलवेल. मी माझ्या ओळी सरकवीन, त्या बरोबर दिसतील, पण खाली "तपासलं" असं मला लिहिता येणार नाही. न तपासलेल्या कोडवर नाव ठेवणं मला जमणार नाही. म्हणून ड्रायव्हर काढून टाकायचा मेल मीच लिहिला आहे. त्याला कोणीही वापरकर्ता उरलेला नाही, असं त्यात म्हटलं आहे. चाचांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आमी चुकलो का, बेटा?" मी नाही म्हटलं. ते खरंच आहे. पण त्यांना पटलं असं वाटलं नाही.

बाबांना मी तो मेल मराठीत लिहून दिला, त्यांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं: कोणीही. म्हणाले, "हे तुला कसं माहीत?"

मला माहीत नाही. चाचा मोजले गेले ते केवळ मी त्यांच्या मुलीच्या हॉस्टेलमध्ये होते म्हणून. राजूरकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, कुठल्या जिनिंगमध्ये, कुठल्या आयटीआयच्या मागच्या खोलीत तसंच कार्ड आत्ता एखादी मोटार फिरवत असेल, आणि ते चालवणारा माणूस इंग्रजी चावडीवर बोलायला कधीच येणार नाही.

मेल अजून पाठवलेला नाही. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू होईपर्यंत तो थांबवता येतो, त्यानंतर नाही. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या ओळखीच्या ज्या कारखान्यात एखादा जुना संगणक मोठं यंत्र चालवतो, तिथे जा. ज्यांचं यंत्र आहे त्यांना आधी विचारा, की हे तुम्हाला अजून हवं आहे का. हो म्हणाले तर संगणकाच्या मागे पाहा. हातभर लांबीचं कार्ड असेल, त्याला दोन ओळी पिनांचं रुंद सॉकेट असेल, तर त्याचा फोटो काढून या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे माझ्यासाठी पाठवा. सोबत एवढंच लिहा, की आम्ही वापरतो. मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा. चावडीवर इंग्रजीत मी सांगीन.