चार वेढ्यांचा पट्टा

पडदा उघडावा तसं ते गॅरेजचं दार वर जायचं. आधी खाली उजेडाची एक फट. मग दोन पावलं दिसायची, रुंद, उघडी, सिमेंटवर घट्ट रोवलेली. मग काळ्या चड्डीतल्या मांड्या, कमरेवर ठेवलेले हात आणि सगळ्यात शेवटी चेहरा. मी बाहेर छत्री धरून उभी. सिॲटलजवळच्या या बॉथेलचा पाऊस जोराचा नसतो, पण आठ महिने हलत नाही. मागे भिंतीला सायकली, जुना फ्रीज, तांदळाची पोती, आणि मधोमध ती. तीस वर्षं मी रंगमंचावर काढली, पण पायांपासून सुरू होणारा प्रवेश मी तिच्याच वाट्याला आलेला पाहिला.

तिचं नाव उपासना राजाराम मेश्राम. वय एकतीस, वजन एकशे चार किलो, जन्म इथलाच. दिवसा ती एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून काचेच्या बशांतल्या पेशींना खाऊ घालते. संध्याकाळी सुमो खेळते. सुमो म्हणजे जपानी कुस्ती, एवढंच मला आधी ठाऊक होतं. तिने समजावलं ते सोपं आहे. एक गोल आखलेला असतो. त्याबाहेर पाऊल पडलं की हरलात. पायाच्या तळव्यांखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की हरलात. एक लढत कधी चार सेकंदांची, कधी दहा. त्या चार सेकंदांसाठी माणूस वर्षभर राबतो.

ती मला मावशी म्हणते, पण मी तिची सख्खी मावशी नव्हे. नाटक सुटल्यावर, वीसेक वर्षांपूर्वी, मी लेकीकडे राहायला आले. दोन घरं सोडून मेश्राम राहायचे. राजाराम आमच्या नागपूरकडचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याच्याच पुढाकाराने हॉल घेतला जायचा, आणि पोरांचा लेझीमचा नाच बसवायला मला सांगितलं जायचं. दहा वर्षांची उपासना तेव्हाही वर्गातल्या मुलांपेक्षा दुप्पट होती. मीच तिला मागच्या रांगेत उभी केली. चित्र चांगलं दिसायला हवं, असं म्हणाले असेन. पुढे मोठी झाल्यावर एकदा मी तो विषय काढला, तर म्हणाली, "मावशी, मागच्या रांगेतून सगळ्यांच्या पायांच्या चुका दिसतात. इट वॉज यूजफुल."

तिला सुमो भेटला तो कॉलेजात. कुणीतरी गमतीने सिॲटलच्या क्लबात नेलं. तिथे बातार नावाचे मंगोलियन कोच आहेत, कमी बोलणारे. त्यांनी तिला एकदा धक्का देऊन पाहिलं, ती हलली नाही, आणि ते म्हणाले, उद्यापासून ये. जिच्या ताटाकडे सगळे नातेवाईक बघायचे, तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की तू आहेस तशीच बरोबर आहेस. राजारामला सुरुवातीला हे पटलं नाही. पोरगी कमरेला पट्टा बांधून चारचौघांत उभी राहते म्हणून तो कित्येक वर्षं तोंड चुकवत होता. मग गेल्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आली, आणि त्याने तिच्या नावाचे पंचवीस टी-शर्ट छापून घेतले.

पण तिसरी म्हणजे घरी. पहिल्या दोघी जागतिक स्पर्धेला जातात.

हा पट्टा एकटीला बांधता येत नाही, म्हणून मी या गोष्टीत आले. जाड कॅनव्हासचं कापड, लांबीला आपल्या नऊवारीएवढं. ते चार पदरी दुमडायचं, पायांमधून मागे घ्यायचं आणि कमरेभोवती चार वेढे द्यायचे. दुसऱ्या माणसाने टोक धरून ताणून उभं राहायचं आणि खेळाडूने स्वतःभोवती फिरत फिरत कापडात शिरायचं. वेढा सैल पडला तर लढतीत बोट अडकून मोडतं. तिला बांधायला मोना नावाची मैत्रीण होती. ती नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, हर्नडनला गेली. एका शनिवारी मी पाहिलं, उपासना कापडाचं टोक फ्रीजच्या दाराला बांधून एकटीच फिरत होती, आणि फ्रीज तिच्यामागून सरकत येत होता.

मी म्हटलं, "दे इकडे. आयुष्यभर नाचणाऱ्या पोरींना लुगडी नेसवलीत. एकही सुटलं नाही."

"मावशी, तुमचं वजन किती?"

"बावन्न किलो."

"मी फिरले की तुम्ही उडाल."

उडाले नाही. सायकलींच्या खाली भिंतीला एक लाकडी पट्टी होती, तिला पाय लावला, टोक मनगटावर गुंडाळलं आणि मागे रेलले. ती फिरत आली. चार वेढे, मागे गाठ. तिने हाताने पट्टा हलवून पाहिला. "मोनापेक्षा टाइट," म्हणाली. त्या दिवसापासून ते काम माझं.

आता मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण ती तिला पाठ होती. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि नाटकं होतात. रोज नवं गाव, रोज प्रयोग. चौऱ्याऐंशीच्या हंगामात नाचाच्या शेवटी चौरंगावरून उडी मारताना माझा उजवा घोटा मोडला. नाटक मंडळीच्या मालकांनी लुगड्याची पट्टी फाडून तो आवळला. त्यानंतर मी अकरा गावांत अकरा प्रयोग केले, एकही नाच न गाळता. अकराव्या गावाला लोक उठून उभे राहिले. ही गोष्ट मी जयंतीच्या जेवणावळीत दर वर्षी सांगायची, आणि उपासना लहानपणापासून माझ्यासमोर मांडी घालून बसायची. "अकरा सांगा ना," म्हणायची.

गोष्ट मी तिथेच थांबवायची. टाळी तिथे येते, हे कुठल्याही नटाला कळतं. पुढचं असं आहे की बाराव्या गावाला मला उभं राहता आलं नाही. घोटा वाकडा जुळला. पुढच्या हंगामात माझं काम दुसऱ्या मुलीला मिळालं, आणि तेहेतिसाव्या वर्षी मी नायकाची आई झाले. खाटेवर बसून संवाद म्हणायची. पुढची वीस वर्षं आईच होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी दार वर गेलं, ती नेहमीसारखी उभी. मी पट्टीला पाय लावला, टोक धरलं. ती फिरेना.

"मावशी, आज तुम्ही फिरा."

"कुठे फिरू?"

"माझ्याभोवती. मी उभी राहते."

"प्रदक्षिणा घालू का तुला?"

"स्तूप समजा. साइज तोच आहे."

मी हसले आणि फिरायला लागले. माझा घोटा थंडीत कुरकुरतोच. दुसऱ्या वेढ्याला माझं लक्ष खाली गेलं. तिची डावी टाच जमिनीला टेकलेली नव्हती.

"गुडघा?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"एमआरआय केला. लिगामेंट हाफ गेलंय. डॉक्टर म्हणतात सहा महिने नो. कॉम्पिटिशन जूनमध्ये आहे. पाच महिन्यांवर."

"मग पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी मी बत्तीस. गेल्या वर्षी माझ्या पुढे होत्या त्या दोघी एकवीसच्या आहेत, मावशी. त्या अजून दहा वर्षं येणार."

"कोचला सांगितलंस?"

"स्प्रेन होतं, बरं झालं, असं सांगितलं. पपांना काहीच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही नाही सांगणार. तुम्ही अकरा केलेत."

मी तिसरा वेढा दिला, चौथा दिला आणि गाठ मारली. त्याच वेळी गोष्टीचा उरलेला भाग सांगायला हवा होता. तोंडापर्यंत आलाही. पण ती ज्या नजरेने माझ्याकडे बघायची, तशी नजर या वयात मला दुसऱ्या कुणाकडून मिळत नव्हती.

पाच महिने आम्ही तसेच काढले, दोन अधू बायका, दार अर्धं खाली ओढून. डावा पाय मागे ठेवून उजव्यावर सगळा भार घ्यायचा, पहिल्या सेकंदातच समोरचीला बाहेर लोटायचं, लढत लांबू द्यायची नाही, असं तिचं गणित होतं. ती भिंतीला छाती लावून ढकलत बसायची. घामाचे डाग अजून त्या भिंतीवर आहेत. सराव संपला की फ्रीजमधली गोठवलेल्या मटारची पिशवी गुडघ्यावर. सुजेने गुडघ्याची वाटी दिसेनाशी व्हायची. क्लबमध्ये ती घरून पट्टा बांधूनच जायची, वर ढगळ पँट. कोच विचारत तेव्हा सांगायची, मावशीच्या हातची गाठ लकी आहे.

एप्रिलमध्ये राजारामने मला ड्राइव्हवेत गाठलं. "सुवर्णाताई, पोरगी लंगडते का हो?"

"नवीन बूट आहेत," मी म्हटलं.

"बरं. मला वाटलं, काही लपवते की काय." तो हसला. "तुमच्याजवळ तर ती काही लपवत नाही."

स्पर्धा ओरेगॉनमधल्या एका कॉलेजच्या जिममध्ये होती. साडेतीन तासांचा रस्ता. राजाराम गाडी चालवत होता आणि वाटेत दोनदा थांबून त्याने तिला खायला घातलं. ज्या पोरीला त्याने पंधरा वर्षं "पोळी एकच घे" म्हटलं, तिला आता "अजून एक घे" म्हणत होता. मागच्या सीटवर तिने डावा पाय माझ्या मांडीवर लांब केला होता. पँटमधून गरम लागत होता.

जिमच्या एका कोपऱ्यात दांडीवर पडदा सोडून बायकांची तयारीची जागा केली होती. आठ-दहा मुली, तेवढेच पट्टे, कापड ओढल्याचे आवाज. सगळ्या आपापल्या माणसासमोर गरगर फिरत होत्या. मी टोक काढलं, आणि बघते तर कोच बातार पडदा सारून आत. मोठ्या स्पर्धेत शेवटची गाठ ते स्वतः तपासतात, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. हाताची घडी घालून ते तीन पावलांवर उभे राहिले.

उपासनाने माझ्याकडे पाहिलं. मराठीत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही उभ्या राहा. मी फिरते."

मी टोक मनगटाला गुंडाळलं. ती फिरली. पहिला वेढा आला. डाव्या पायावर भार पडला तेव्हा कापडातून एक हिसका माझ्या हातात आला, मासा गळाला लागावा तसा. चेहरा तिने जराही हलू दिला नाही. नटी म्हणून मी तिला तिथे शंभरपैकी शंभर दिले असते. दुसरा वेढा आला. या वेळी हिसका नव्हता, थरथर होती, आणि ती थांबत नव्हती.

"ओढा," ती पुटपुटली.

मी ओढलं नाही. लेझीमच्या नाचात मागच्या रांगेत उभी राहून सगळ्यांचे पाय बघणारी पोर मला दिसत होती, आणि बाराव्या गावचा तो चौरंग दिसत होता, ज्यावर मी चढू शकले नव्हते. मी जागा सोडली आणि टोक धरून तिच्याभोवती चालायला लागले. रोज गॅरेजात चालायची तशीच, हळूहळू, लंगडत.

"मावशी, नको," ती म्हणाली. मग एकदम हळू, "प्लीज."

मी तिसरा वेढा पुरा केला. मान वर केली तेव्हा कोच माझ्याकडे बघत नव्हते. तिच्या टाचेकडे बघत होते.

"आंटी, थांबा," ते इंग्रजीत म्हणाले. मग तिला म्हणाले, "डाव्या पायावर उभी राहा."

सुमोत लढतीआधी एका पायावर उभं राहून दुसरा उंच उचलायचा आणि जमिनीवर आपटायचा असतो. ती रोज शंभरदा करायची, जानेवारीपर्यंत. तिने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि उजवं पाऊल उचललं. वीतभर उचललं असेल. डावा गुडघा आत दुमडला आणि तिने माझा खांदा पकडला. एवढं वजन माझ्या खांद्यावर पहिल्यांदाच आलं.

"किती दिवस?" कोचनी विचारलं.

"जानेवारीपासून."

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आज नाही," म्हणाले, आणि नाव काढायला टेबलाकडे निघून गेले.

पडद्यापलीकडे लाउडस्पीकरवर तिच्या वजनगटातली नावं वाचली गेली. गेल्या वर्षी तिचं नाव त्यांनी चुकीचं उच्चारलं होतं आणि आम्ही सगळे हसलो होतो. या वर्षी वाचलंच नाही. समोर गॅलरीत राजाराम छापलेला टी-शर्ट घालून फोन उंच धरून उभा असणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. त्याला जाऊन सांगणं अजून बाकी होतं.

ती बाकावर बसली नाही. तीन वेढ्यांचा पट्टा घेऊन तशीच उभी राहिली. मी विचारलं, "सोडू?" तिने होकारार्थी मान हलवली. मी टोक धरलं आणि उलट्या दिशेने फिरायला लागले. कापड तिच्या घामाने ओलं झालेलं, जड. एक वेढा सुटला. पलीकडे पायांची पहिली दणदण झाली आणि टाळ्या पडल्या. दुसरा सुटला. मी तिच्यासमोर आले तेव्हा तिने हातातलं कापडाचं दुसरं टोक सोडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती खाली माझ्या उजव्या घोट्याकडे बघत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अकराव्यानंतर काय झालं, मावशी? ते तुम्ही कधी सांगितलंच नाही."