कस्तुरावैनीची जांभळ आणि छकुलीची जीभ

आमच्या परंदवडीत जांभळीची झाडं पुष्कळ, पण कस्तुरावैनीच्या बांधावरची जांभळ ती जांभळ. अंगठ्याएवढं फळ, बी नखाएवढी. वैनी माझ्या चुलतभावाची बायको. झाडावर तिचा जीव फार. तेवढा भावावरसुद्धा नव्हता, हे भावानंच मला हसत हसत सांगितलेलं.

जांभळीचं लाकूड मोठं दगाबाज. मांडीएवढी फांदी न कुरकुरता मोडते. म्हणून आमच्यातलं कोणी चढत नाही; ठाकरवाडीचा कोंडू चढतो आणि त्याची बायको भागूबाई खालची फळं वेचते. निम्मी मालकाची, निम्मी त्यांची. आपला वाटा भागूबाई घोरावाडी स्टेशनाबाहेर विकते आणि पावसाळ्याचे तांदूळ भरते. वेचताना दोनचार तोंडात टाकली तर गावात कोणी विचारत नाही. वैनीचा कायदा निराळा. काम संपलं की सगळ्यांना ओळीनं उभं करायचं आणि म्हणायचं, जीभ दाखव. जांभळी निघाली की वाटा बंद.

गेल्या साली भागूबाईच्या नातीची, छकुलीची, जांभळी निघाली. पोरगी डोंगरातली खाऊन आलीय, असं भागूबाई शपथेवर सांगत होती. वैनी म्हणाली, जिभेवर काय झाडाचं नाव लिहिलंय? वाटा गेला. तो पावसाळा त्यांनी पेजेवर काढला.

म्हणून यंदा भागूबाईनं पोरीच्या तोंडाला फडकंच बांधलं. गच्च. आणि बसवलं भरल्या झाडाखाली. वरनं टपाटप फळं पडतायत, केसात, मांडीवर, आणि पोरगी नुसता वास घेतेय. मी बांधावर बसलेलो, माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

उन्हं कलल्यावर वैनी आली. फडकं सोडलं, तर छकुलीची जीभ लख्ख. मग वैनीनं ते फडकंच उजेडात धरलं. त्यावर जांभळा डाग.

"भायेरनं हाय मावशी," भागूबाई म्हणाली. "वरनं फळ पडलं."

"फडक्याला आत-भाईर नसतं गं."

फळांच्या दोन्ही पाट्या वैनीनं आपल्याकडं ओढल्या. कोंडू पाय चोळत बसला. भागूबाईनं मात्र वाकून पाटीतलं मूठभर उचललं आणि नातीपुढं धरलं.

"खा. वाटा गेलाच हाय, पोटात तरी जाऊ दी."

पोरीनं ओठ मिटले. आजीनं फळ ओठांवर दाबलं, रस हनुवटीवरून गळाला, तरी तोंड उघडेना. डोळे वैनीवर.

वैनीचं तोंड असं फुललं की तिच्या लग्नातसुद्धा मी तसं पाहिलं नव्हतं.

"बघितलंत का भावजी, शिकली पोरगी. पुढल्या साली फडकं लागायचं न्हाई."