मसाज सोडून सगळं देणारं आयरिश स्पा हॉटेल

नेदरलँड्समध्ये राहून स्पासाठी आयर्लंडला कशाला जायचं, हा प्रश्न आल्मेरेतल्या माझ्या प्रत्येक मैत्रिणीनं विचारला. उत्तर सोपं आहे. इथल्या बहुतेक सौनांमध्ये अंगावर काहीही घालायचं नसतं, आणि बायका-पुरुष एकत्रच बसलेले असतात. पोहण्याचा पोशाख चालेल असा एखादा दिवस ठेवतात, तोही नेमका ऑफिसचा वार. माझी डच सहकारी म्हणते, पहिली पाच मिनिटं अवघड जातात, मग सवय होते. होतही असेल. मला ती करून घ्यायची नव्हती, आणि रेवती वहिनींच्या बाबतीत तर हा विषयच काढण्यासारखा नव्हता.

रेवती वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. त्या आणि समीरदादा टिलबर्गला राहतात, आम्ही आल्मेरेला. मागच्या वर्षी त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन. आता उपचार संपलेत आणि तपासण्या चांगल्या येतायत. पण घरात त्या शब्दाला बंदी आहे. कुणी तब्येत विचारली की "मी बरी आहे, चहा टाकू का?" एवढंच. त्या काळात मी डबे घेऊन ट्रेननं टिलबर्गला जायचे. त्या डबा घ्यायच्या, आभार मानायच्या आणि बोलणं हवापाण्यावर न्यायच्या.

एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता त्या सहज म्हणाल्या, "अनघा, मला एकदा मस्त मसाज करून घ्यायचाय. इतके महिने अंगाला फक्त डॉक्टरांचे आणि नर्सचे हात लागलेत."

एवढंच बोलल्या आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या. त्याच आठवड्यात मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, स्लायगोजवळचं एक स्पा हॉटेल बुक केलं. तिकडे सगळीकडे पोशाख घालूनच जायचं असतं. फोटोत समुद्राकडे तोंड करून वाफाळणारा उघड्यावरचा तलाव होता, आणि दोघींचे मसाज त्याच पॅकेजमध्ये होते.

तुम्ही जाणार असाल तर आधी व्हिसाचं ऐका. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, येत नाही. वहिनींचा पासपोर्ट डच आहे, त्यांना काहीच लागलं नाही. माझा भारतीय, त्यामुळे इथलं निवासाचं कार्ड असूनही वेगळा व्हिसा, बँकेची कागदपत्रं, ऑफिसचं पत्र आणि मग आठवडेच्या आठवडे वाट बघणं. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाची तिकिटं दुप्पट महाग झाली होती. स्वस्तात उरकायचं असेल तर नवऱ्याच्या नादी न लागता सगळं तीन-चार महिने आधी सुरू करा. माझा नवरा निखिल "होईल गं, होईल गं" म्हणत राहिला.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाहून डब्लिन दीड तासाचं उड्डाण आहे. उतरल्यावर वहिनी झटकन बाहेर पडल्या आणि मी दुसऱ्या रांगेत उभी राहून एका अधिकाऱ्याला समजावत बसले की हो, मी खरंच फक्त अंघोळीसाठी आलेय. तो मात्र हसला.

गाडी भाड्यानं घेतली. तिथे गाड्या डावीकडून चालतात. मी गाडी चालवायला नेदरलँड्समध्ये येऊन शिकले, त्यामुळे माझ्या हातापायांना फक्त उजवीकडून चालवणं माहीत. वहिनी पुण्यात शिकलेल्या. त्यांनी किल्ली घेतली, आरसे नीट केले आणि निघाल्या. सगळं आयर्लंड ओलांडायला साधारण तीन तास लागतात. रस्ता उत्तम आहे, शेवटचा तुकडा तेवढा अरुंद आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध. मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती ते बरं झालं, कारण पेट्रोल पंपावर शाकाहारी म्हणून जे सँडविच हातात पडलं त्यात अंडं होतं. वहिनी गाडी चालवताना गुणगुणत होत्या. ते मी फार दिवसांनी ऐकलं.

हॉटेलबद्दल आता खरं तेच लिहिते. समुद्र आहे, पण तो गाड्यांच्या तळाच्या पलीकडे. फोटोतल्या तलावावर निळं ताडपत्रीसारखं आच्छादन आणि त्यावर पावसाचं पाणी साचलेलं, कारण दुरुस्ती चालू. हे बुकिंगच्या वेळी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर रिसेप्शनवरची मुलगी अतिशय गोड आवाजात सॉरी म्हणाली. त्या हॉटेलात मी जितक्यांदा सॉरी ऐकलं तितक्यांदा आयुष्यात ऐकलं नसेल. डच माणूस तोंडावर नाही म्हणतो आणि आपल्याला राग येतो. तिथे कुणीच नाही म्हणत नाही, फक्त मिळत काहीच नाही.

आतल्या गरम पाण्याच्या विभागात जायला वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि आम्हाला मिळालेली वेळ एका होणाऱ्या नवरीच्या मैत्रिणींनाही मिळाली होती. गुलाबी पट्टे गळ्यात घालून त्या दहा-बाराजणी गरम कुंडात उभ्या होत्या, हातात प्लास्टिकचे पेले. मुली मजेत होत्या, त्यांचा काय दोष. पण आम्हाला एका कोपऱ्यात गुडघ्यापर्यंत पाण्यात बसून त्यांच्या सासवांच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या. वहिनींनी वरून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला होता आणि तो ओला होऊन अंगाला चिकटेल म्हणून त्या पाण्यात खाली गेल्याच नाहीत. मग आम्ही विश्रांतीच्या खोलीत गेलो. तिथे स्पीकरवर समुद्राच्या लाटांचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला होता. खरा समुद्र बाहेरच होता, पण खिडक्या उघडत नव्हत्या.

जेवणात शाकाहारी एकच गोष्ट, मशरूमचा रिसोतो. आसट खिचडीत कुणी फोडणी घालायला विसरलं तर जशी लागेल तसा तो लागतो. तिथला काळपट ब्रेड आणि लोणी मात्र अप्रतिम, त्यावर राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसाज. वहिनी माझ्या आधीच पांढरा झगा घालून तयार होत्या. केस नवे आलेत, आखूड आणि कुरळे, ते त्यांनी पाणी लावून बसवले होते. आम्ही दोघी शेजारी बसलो असताना थेरपिस्ट मुलगी आली आणि तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. पाठदुखी, ॲलर्जी, गरोदरपण, एखादं ऑपरेशन. वहिनींनी खरं सांगितलं. फार हळू आवाजात, पण सगळं सांगितलं, उपचार कधी संपले तेसुद्धा.

मुलगी सॉरी म्हणून आत गेली आणि मॅनेजर बाईंना घेऊन आली. त्या म्हणाल्या की डॉक्टरांचं पत्र असल्याशिवाय त्या मसाज करू शकत नाहीत, त्यांच्या विम्यात बसत नाही. पण काही काळजी करू नका, त्याऐवजी आम्ही तुमची नखं छान रंगवून देऊ.

वहिनींनी आपल्या नखांकडे बघितलं. केमोनं त्यांची नखं अजून काळी आणि खडबडीत आहेत.

माझं डोकं फिरलं. मी उठून रिसेप्शनपर्यंत गेले आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत विचारलं की बुकिंग घेताना हे का विचारत नाही, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईनं एवढ्या लांबून नखं रंगवायला यायचं का. शनिवारी सकाळी डॉक्टरांचं पत्र कुठून आणायचं? आमचे हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, सोमवारीसुद्धा फोनवर अर्धा तास ताटकळत ठेवतात. मागून वहिनींनी माझा दंड धरला आणि मला खोलीत नेलं.

दार लावल्यावर त्या म्हणाल्या, "माझा आजार आहे, अनघा. तो कुणाला सांगायचा ते मी ठरवणार."

मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला. नंतर झग्याची गाठ सोडायला लागल्या, ती सुटेना, आणि मला मदतही करू देईनात. मी माझा मसाजही घेतला नाही. घेतला असता तर तो मुकाट्यानं पालथं पडून रडण्यात गेला असता.

थोड्या वेळानं वहिनी किल्ली घेऊन निघाल्या. ये म्हणाल्या नाहीत, येऊ नकोसही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी गेले. पाऊस तिथला नेहमीचा, छत्रीचा उपयोग नाही आणि छत्रीशिवायही भागत नाही असा. किनाऱ्याच्या रस्त्यानं त्या नुसत्या चालवत राहिल्या. एका छोट्या गावात समुद्राला लागून एक बसकी इमारत होती आणि बाहेर पाटी, समुद्री शेवाळाच्या गरम अंघोळी. त्या किनाऱ्यावर ही जुनी पद्धत आहे. मोठ्या टबात गरम केलेलं समुद्राचं पाणी आणि त्यात ताजं शेवाळ, बस. आधी ठरवून जाणं बरं, पण आम्हाला थोडं थांबून जागा मिळाली.

गल्ल्यावर एक ठेंगण्या, चष्म्यातल्या बाई होत्या. मी मुद्दाम दारातच थांबले. वहिनी काउंटरपाशी गेल्या आणि सरळ म्हणाल्या की मला कॅन्सर झाला होता, मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय, चालेल का. त्यांच्या तोंडून हा शब्द चारचौघांत मी पहिल्यांदाच ऐकला. बाईंनी जखम पूर्ण भरली का आणि डॉक्टरांनी गरम पाण्याला हरकत घेतलीय का ते विचारलं. डॉक्टरांनी पोहायला केव्हाच परवानगी दिली होती, तसं वहिनींनी सांगितलं. मग पाणी फार कढत घेऊ नका आणि टबमधून बाहेर पडताना पाय सांभाळा, फार निसरडं होतं, एवढं सांगून बाईंनी विचारलं, एका टबची खोली देऊ की दोन टबची?

वहिनींनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि दोन टबची घेतली.

खोली साधी, फरश्या जुन्या, दाराला आतून कडी. टबात तपकिरी-हिरव्या शेवाळाच्या लांबच लांब पट्ट्या, आणि जास्वंदीची पानं चुरगळल्यावर हाताला लागतो तसला बुळबुळीत रस सगळ्या पाण्याला सुटलेला. मी भिंतीकडे तोंड करून घाईघाईनं कपडे काढले, टबात शिरले आणि तशीच भिंतीकडे बघत बसले.

"इकडे बघितलंस तरी चालेल," वहिनी म्हणाल्या.

मी बघितलं. एका बाजूला सपाट, आणि काखेपर्यंत गेलेली एक तिरकी रेघ. मी मनात यापेक्षा कितीतरी भयंकर काहीतरी धरून ठेवलं होतं. मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, त्यांनीही ऑपरेशननंतर बरेच दिवस आरशात बघितलं नव्हतं, आणि समीरदादांना अजून बघू दिलेलं नाही. मग पाण्यात गळ्यापर्यंत बुडून त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या. सकाळी उठल्यावर आधी हात कुठे जातो ते. मी डबे घेऊन यायचे तेव्हा कधीकधी दार उघडूच नये असं वाटायचं ते. मी ऐकत होते.

पाणी निवत आलं तशा त्या टबाच्या कडेला सरकून बसल्या आणि माझ्याकडे पाठ केली.

"चोळून दे जरा."

मी मूठभर शेवाळ घेतलं आणि त्यांच्या पाठीवरून फिरवायला लागले, हलक्या हातानं, कुठे दुखेल या भीतीनं.

"जोर लाव की. मी काय काचेची आहे का?"

मग मी जोर लावला. खांदे, मान, कण्याच्या दोन्ही बाजू. मला मसाजमधलं काही कळत नाही, आणि माझी बोटं दुसऱ्या दिवशी दुखत होती.

हॉटेलात परतलो तर रात्रीला पुन्हा तोच रिसोतो. निघताना मॅनेजर बाईंनी दोघींच्या न झालेल्या मसाजबद्दल व्हाउचर दिलं. पैसे परत नाहीत. म्हणजे पुन्हा विमान, पुन्हा व्हिसा, पुन्हा तीन तास गाडी. मी त्यावर भांडणार होते, पण वहिनी म्हणाल्या की आता भूक लागलीय, वाटेत कुठेतरी बटाटे खाऊ. ते उत्तम मिळाले, डब्लिनच्या वाटेवर.

आता हिशेब. हॉटेलला जाऊ नका. समुद्रासाठी, ब्रेडसाठी आणि त्या शेवाळाच्या टबासाठी जरूर जा, आणि राहायला गावातलं साधं घर घ्या, निम्म्या खर्चात होईल. माझी चिडचिड अजून उतरलेली नाही. नियम असू शकतो, त्यामागे कारणंही असतील, पण तो झगा घालून बसल्यावर सांगायचा नसतो.

हा लेख आधी मी वेगळा लिहिला होता. त्यात "काही कारणानं मसाज झाला नाही" एवढंच वाक्य होतं, आणि वहिनींचं नाव नव्हतं. छापण्याआधी तो त्यांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"काही कारणानं म्हणजे काय? माझ्यासारखी एखादी वाचेल आणि तशीच तिकडे जाऊन बसेल. कॅन्सर झाला होता म्हणून नाही म्हणाले, असं लिही. आधी फोन करून विचारा, डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा, असंही लिही."

मी विचारलं, नावाचं काय करू.

तेवढ्यात पलीकडे मागून समीरदादांनी काहीतरी विचारलं आणि त्या त्यांना म्हणाल्या, थांबा, सांगते, तुम्हालाही सांगायचंय. फोन ठेवण्याआधी त्यांनी मला सांगितलं, "रेवती लिही."