रुका जरा, आधी आभार

डब्याचं झाकण उघडायच्या आधी आमच्या एक मॅडम त्यावर उजव्या हाताचा पंजा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "रुका जरा. आधी आभार."

मग बुऱ्हाणपुरात, लालबागच्या आमच्या मुलींच्या शाळेत, स्टाफरूमच्या लांब टेबलाभोवती, आठ भुकेली माणसं मुकाट्याने डोळे मिटायची. आठांत ख्रिस्ती त्या एकट्याच. बाकी आम्ही कुणी सोमवारवाले, कुणी चतुर्थीवाले, आणि मोठे सर तर फक्त बदल्यांच्या मोसमात आस्तिक होणारे. पण मधली सुट्टी झाली की आम्ही सगळे त्यांच्या ताब्यात. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच, जिच्यापुढे साहेबाचंही काही चालत नाही.

त्या विज्ञान शिकवायच्या. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. यजमानांना जाऊन बरीच वर्षं झालेली. लोधीपुऱ्यात लेकीबरोबर राहायच्या. रविवारी चर्चमधल्या बायकांच्या संघात पुढे, आणि शनिवारी आमच्याबरोबर मावा जलेबी खायलाही पुढेच.

"हे स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल तुझे आभार," एवढ्यावर भागलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण त्यांची प्रार्थना तिथून निघायची आणि अख्खी शाळा फिरून यायची. शिपाई भाऊंचा गुडघा, आठवीच्या मुलींचे अपूर्णांक, न आलेला नळ, माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू. माझ्या सासूबाईंचं नाव आमच्या देवघरातून जितक्या वेळा गेलं नसेल तितक्या वेळा त्या टेबलावरून वर गेलं. "प्रभू येशूच्या नावाने" हे शब्द आले की आमचे हात झाकणांकडे सरकायचे. एकदा मोठ्या सरांचा हात जरा आधीच सरकला. डोळे मिटलेलेच ठेवून त्या म्हणाल्या, "सर, अजून गुडघा राहिलाय."

त्यांचा मुलगा इंदूरला नोकरीला. लग्नानंतर तो तिकडच्या एका नव्या चर्चमध्ये जायला लागला. तिथे ड्रम आणि गिटार वाजतं. या एकदा जाऊन आल्या. कसं वाटलं, म्हणून मी विचारलं.

"पोरं मन लावून गातात, छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एवढ्या जोरात का, ते कळलं नाही. देवाला ऐकू कमी येतं काय?" आणि स्वतःच हसत सुटल्या.

मुलाचं त्यांनी असं हसून पचवलं. लेकीचं मात्र पचेना.

लेक शेतीचं शिकलेली. तिच्या कॉलेजातला मुलगा डोईफोडिया गावचा, केळीची बाग असलेल्या हिंदू घरातला. एके दिवशी तिने सांगून टाकलं, "आई, मी चर्च सोडणार नाही. पण त्यालाही सोडणार नाही." मुलाच्या घरचे तयार होते. दोघांनी आपापला धर्म ठेवायचा, लग्न नोंदणीचं करायचं, सगळं ठरलेलं. आईचा होकार तेवढा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि सरळ पोळी मोडली. झाकणावर पंजा नाही, आभार नाहीत. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गुमान खाल्लं. असे तीन आठवडे गेले. भाजी गरम मिळायला लागली, पण कुणालाच गोड लागेना. शेवटी भाऊंनी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, गुडघा फिर से दुखायला लागला. तुमच्या टेबलावर ते बंद झालं काय?"

प्रयोगशाळेत त्या परीक्षानळ्या धूत होत्या. मी विचारल्यावर हात न थांबवता बोलल्या. "पोरगा चांगला आहे हो. पण ही जेवणाआधीची प्रार्थना माझ्या आईने मला दिली, मी पोरीला दिली. उद्या तिच्या घरात भाताचं झाकण असंच उघडणार. तिच्या लेकरांना आभार माहीतही नसणार. माझ्यापर्यंत येऊन सगळं थांबलं, असं वाटतं. आणि मनातून आभार मानावेसे वाटत नसताना देवाशी खोटं कसं बोलू?"

घरी गेले तरी ते बोलणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मीच माझ्या डब्यावर पंजा ठेवला. "रुका जरा," म्हटलं आणि डोळे मिटले. सुरुवात कशी करायची ते आठवेना. पंचवीस वर्षांची सरकारी नोकरी, तोंडातून निघालं ते असं: "महोदय, सविनय निवेदन आहे की, आमच्या विज्ञानाच्या मॅडम गेल्या तीन आठवड्यांपासून दुःखी आहेत. तरी त्यांच्या अडचणीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. तसेच शिपाई भाऊंच्या गुडघ्याबाबतही योग्य ती कार्यवाही व्हावी. आपली विश्वासू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "देवाला अर्ज दिला काय मॅडम? आता त्याच्यावर मोठ्या सरांची सही लागेल!"

डोळे पुसून झाल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "येत्या रविवारी त्या लोकांनी डोईफोडियाला जेवायला बोलावलंय. तुम्ही चला ना माझ्यासोबत. एकटीची हिंमत होत नाही."

गेलो. त्या चर्चमधून परस्पर बसस्टँडवर आल्या. हातात डबा, त्यात घरी केलेला, एका बाजूने जरा करपलेला केक. लेक आदल्या दिवशीच पुढे गेली होती.

ओसरीवर पंगत बसली, पुढ्यात केळीची पानं. मुलाची आई चुलीपाशी होती, उंच, काटक बाई. उलट्या मातीच्या खापरावर मांडे भाजत होती. मांड्याचं तुम्हाला माहीत आहे, गरम असतो तोवर रेशमासारखा, गार झाला की वातड. पानात पहिला मांडा पडला. लेकीने आईकडे बघितलं. आईचा हात मांडीवरच होता.

तेवढ्यात ती बाई चुलीपासून उठून आली. "थांबा रे सगळे! कोणी हात लावू नका." मग यांच्याकडे वळून म्हणाली, "बाई, पोरगी सांगत होती का तुम्ही जेवणाआधी देवाशी बोलता. आमचा नैवेद्य दाखवून झाला. आता तुमचं होऊ द्या. तुमच्या देवाला काय दारातच उभं ठेवायचं?"

यांना पहिला शब्दच सापडेना. मग खाकरून सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर काय विचारता! केळीचे घड आले, वादळ येऊ नये हे आलं, विहिरीवरची मोटर, म्हातारबांचे दात, चुलीपाशी भाजलेले विहिणीचे हात. लेकीचं आणि जावयाचं नाव एकत्र आलं. मांडे गार होत होते. एकानेही डोळे उघडले नाहीत. म्हणजे मी उघडले होते म्हणून मला माहीत.

"आमेन" झाल्यावर ते म्हातारबा, मुलाचे आजोबा, उठले. ओंजळीत पाणी घेतलं आणि केकच्या डब्याभोवती नीट फिरवलं. मग एकदम दचकून विचारलं, "चालतं ना वो तुमच्यात?"

"चालतं बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्यात तर बाप्तिस्म्याच्या पाण्याशिवाय सुरुवातच होत नाही." आणि लेकीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. होकार असा आला. वातड झालेले मांडे मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी खाल्ले नाहीत.

लग्न झालं. चर्चमध्ये लावता येणार नाही, असं पाळकसाहेब म्हणाले, पण घरी येऊन पोरीसाठी प्रार्थना करून गेले. संघातल्या दोघीतिघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या आणि मांडे कसे करतात ते विचारून गेल्या.

लेकीला दिवस गेले तशी यांनी बदली मागितली. सगळे खेड्यातून शहरात यायला धडपडतात, यांनी लालबागहून डोईफोडियाच्या बाजूची शाळा मागितली. अर्जात चूक झालीय, असं वाटून मोठ्या सरांनी तो दोनदा परत केला. शेवटी त्या गेल्याच. आता मधल्या सुट्टीत जेवण सात मिनिटांत उरकतं, आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

परवा एका रविवारी नातवाला बघायला डोईफोडियाला गेले. त्या घरी नव्हत्या. पहिल्या बसने बुऱ्हाणपूरला चर्चला गेलेल्या. विहीणबाईंनी मला आग्रहाने जेवायला बसवलं. मी भाताच्या पातेल्याकडे हात नेला, तर तिने झाकणावर उजव्या हाताचा पंजा ठेवला.

"रुका जरा. बाई नाही म्हणून काय झालं? आधी आभार."

लेकीने मांडीवरच्या बाळाचे दोन्ही हात जोडून धरले. विहीणबाईंनी डोळे मिटले. "देवा, भात झाला, लेकरू बरं आहे, तुझे आभार. बाईची बस वेळेवर येऊ दे." मग राहिलेलं आठवून म्हणाली, "आणि त्या शाळेतल्या भाऊचा गुडघा."

भाऊंना तिने आजवर पाहिलेलंही नाही.